बूच पोचलं का

२ जून

ठमे,

पत्र पावाच्या ट्रेमधून येतंय, तेव्हा तेलाचा डाग पडला असेल तर नाक मुरडू नकोस. फोनवर तुझ्या पंपांची घरघर आणि माझ्या कानांचा आनंदीआनंद, दोन्ही मिळून 'हॅलो'च्या पुढे काही सरकत नाही. त्यापेक्षा हे बरं. भोंग्या रोज तुमच्या कँटीनला पाव घेऊन येतोच, तर माझी बोलणीही घेऊन येईल. वाटेत हॉर्न वाजवण्यापलीकडे त्याला दुसरं काम काय असतं.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. पाऊस संपेपर्यंत माझ्याकडे राहायला ये, असं तू पुन्हा लिहिलंस. नाही येणार. भट्टीकडे कोण बघेल? निखारे झाकून ठेवायचे, सकाळी पुन्हा फुलवायचे, असं करत ही भट्टी तुझ्या जन्माआधीपासून गरम आहे. तुझी आई गेली तेव्हाही मी ती गार होऊ दिली नाही. तू तिच्याच मागच्या भिंतीशी उबेला झोपून मोठी झालीस, तेव्हा तुला वेगळं काय सांगू.

आणि आपलं ठरलंय ना? पाऊस झाला की मी इसेन्सच्या बाटलीचं एक बूच रंगवून दुकानासमोरच्या जाळीतून गटारात टाकायचं. ते वाहत वाहत तुझ्या पंपघरात पोचलं म्हणजे आमच्या गल्लीची गटार मोकळी आहे. गटार मोकळी तोवर मी इथे. ज्या दिवशी बूच पोचणार नाही, त्या दिवशी गाठोडं बांधून तुझ्या दारात. ही अट तूच घातलीस, मी नाही. मग आता कुरकुर कशाला?

काल पाऊस झाला, काल बूच सोडलं. या वर्षी बुचं निळी आहेत. गेल्या वर्षीचा लाल रंग संपला. भोंग्याने व्हॅन निळी केली, त्यातला उरलेला डबा मी लाटला. मिळालं का ते कळव.

मावशी

५ जून

मावशे,

मिळालं. निळंशार, जाळीच्या कोपऱ्यात अडकून बसलं होतं. मी उचललं तेव्हा आमचा फिटर म्हणाला, तुमच्या मावशीचं पार्सल आलं वाटतं.

तू एकदा इथे ये आणि उभी राहून बघ. शहरावर पडलेला सगळा पाऊस आमच्याकडे पाच तोंडांतून येतो. नदी खाली असली की दार उघडं ठेवतो, पाणी आपसूक नदीत जातं. नदी चढली की दार लावायचं, नाहीतर नदीच शहरात शिरायची. आणि मग आतलं पाणी पंपांनी उपसून भिंतीपलीकडे टाकायचं. इतक्या वर्षांत मला एकेक तोंड ओळखीचं झालंय. टेकडीकडच्या तोंडातून पाला आणि मुलांचे चेंडू येतात. बाजाराकडून भाजीचे देठ. डावीकडून दुसरं तोंड तुमच्या गल्लीचं, त्यातून पिठाचं पांढुरकं पाणी यायचं. या वर्षी मात्र तुमचं पाणी अगदी कमी आणि स्वच्छ आहे, सांडलवंड कमी केलेली दिसतेस. शाब्बास.

आणखी एक गंमत. परवा रिकाम्या वेळात मी हिशेब केला. तुझ्या बेकरीच्या नुसत्या पत्र्यावर वीतभर पाऊस पडला तर दोन टँकर पाणी होतं. एका पत्र्यावर! मग सगळी गल्ली धर, टेकडी धर. आधी टेकडीवर माती होती, ती निम्मं तरी पिऊन टाकायची. आता तिथे गाड्या लावायला काँक्रीट केलंय. काँक्रीटला कुठली तहान? सगळं पाणी घसरत खाली येतं, आणि खाली म्हणजे तुम्हीच. आकडा समोर आला तेव्हा मी पेन ठेवून दिलं. ढग हे सगळं डोक्यावर घेऊन फिरतो आणि आपण त्याच्याखाली छत्री घेऊन निघतो.

हो, तुझ्या कामाचं सांगायचं राहिलं. सफाईची मोठी गाडी मोठ्या पावसाआधी एकच गटार साफ करू शकणार होती. तुमची गल्ली की शाळेमागचा रस्ता, असं साहेबांनी विचारलं. गल्लीची गटार मोकळी आहे, खात्रीने सांगते, असं मी म्हटलं. बूच खिशातच होतं. गाडी शाळेकडे गेली.

ठमी

१३ जून

ठमे,

तू साहेबांना असं कशाला सांगितलंस गं? म्हणजे सांगितलंस तर सांगितलंस, मी आपलं विचारलं. पण गाडी एवढी आलीच आहे शहरात, तर जाता जाता आमच्याकडे एक चक्कर मारेल का? विचारून बघ. मोकळी गटार आणखी मोकळी झाली तर बिघडलं कुठे?

इथे सगळं ठीक. समोरच्या चष्मेवाल्याने अर्ज करकरून रस्ता पुन्हा नवा करून घेतला. जुन्यावरच थर चढवला, दर वेळी चढवतात तसा. आता रस्ता आमच्या दुकानांपेक्षा उंच झालाय. पूर्वी दोन पायऱ्या चढून आत यायचं, आता एक उतरून. गिऱ्हाईक आत येताना अडखळतं आणि मग लाजून एक पाव जास्त घेतं, एवढाच काय तो फायदा. चष्मेवाला रस्त्यावर उभा राहून म्हणतो, बघा कसा गुळगुळीत झालाय. मी त्याला म्हटलं, रस्ता ताट झालाय आणि आपण वाट्या. त्याला चष्मा लावूनही ते दिसलं नाही.

कालच्या सरीचं बूच सोडलंय.

मावशी

१७ जून

मावशे,

बूच मिळालं, आणि गाडी मिळणार नाही. साहेब म्हणाले, जी मोकळी आहे तिच्यासाठी मी बाकीच्यांच्या तोंडचा घास काढू का? खरंच आहे त्यांचं. पण तुला अचानक एवढी का काळजी लागली? अरेला कारे करणारी बाई तू, 'विचारून बघ' कधीपासून म्हणायला लागलीस? पायऱ्यांचं वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. रस्ता उंच म्हणजे पाणी आलं की आधी तुमच्या दुकानांत उतरणार. गटार वाहतेय म्हणून मी गप्प आहे.

वरच्या धरणाकडचे लोक सांगतात, नदी या वर्षी लवकर चढतेय. पलंग झाडून ठेवलाय तुझ्यासाठी, उगीच आपला.

ठमी

३० जून

ठमे,

पाऊस रोज थोडा थोडा आहे. गल्लीत जरासं साचतं, दुपारपर्यंत जातं. तेवढं कुठे नसतं? पलंगावर तूच पाय पसरून झोप, पंपघरात उभी राहून पाय सुजतात तुझे. बूच सोडलं.

मावशी

९ जुलै, सकाळ

मावशे,

हे पत्र मी उभ्याने लिहितेय. भोंग्याला दारात थांबवून ठेवलंय आणि तो माझ्या नजरेला नजर देत नाहीये.

काल जाळीचा एक गज बदलायचा होता, म्हणून आम्ही तुमच्या गल्लीचं तोंड फळी लावून बंद केलं होतं. दिवसभर त्यातून थेंब आला नाही. आणि आज सकाळी, फळी अजून तशीच असताना, कँटीनला पाव आले, पाठोपाठ तुझं बूच आलं. बंद तोंडातून. मी ते हातात घेतलं. त्याच्या खाचेत कोरडं पीठ होतं, मावशे. एवढ्या लांब गटारातून वाहत आलेल्या बुचाला कोरडं पीठ?

मग मी गाडीत बसायला निघालेल्या भोंग्याची कॉलर धरली. तो बिचारा रडायच्या बेतात आला. म्हणाला, बाईंनी शपथ घातली होती. पाव उतरवायचे आणि जाताना एक बूच पाण्यात टाकायचं. या वर्षीची सगळीच्या सगळी बुचं व्हॅनमधून आलीत. म्हणजे गटारातून एकही आलेलं नाही. म्हणजे तुमची गटार बंद आहे, कधीपासून ते तुलाच ठाऊक. आणि मी खिशात बूच ठेवून साहेबांना 'खात्रीने' म्हटलं. माझ्या शब्दावर गाडी दुसरीकडे गेली. तुमच्या गल्लीत किती घरं आहेत, मावशे? फक्त तुझीच भट्टी आहे का तिथे?

पाणी स्वच्छ आहे म्हणून मी तुला शाब्बास म्हटलं. पाणीच येत नव्हतं.

साहेबांना आत्ता सांगते. पण आज कोण येणार? दक्षिणेचं आभाळ बघ. मी इतकी वर्षं ढग बघतेय, असा बघितला नाही. तो सरकत नाहीये, उभाच आहे. शेजाऱ्यांना वर पाठव, आणि तू भोंग्याच्याच गाडीतून इकडे ये. मला फार राग आलाय, आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

ठमी

९ जुलै, भोंग्याच्या हातून परत

ठमे,

वाचलं. तुझं सगळं खरं. सगळ्यांना सांगते. मळलेला मैदा फुगून बसलाय, तेवढी एक खेप भाजून काढते आणि पुढच्या फेरीला येते.

मावशी

९ जुलै, संध्याकाळ

मावशे,

हे कुणाच्या हातून पाठवायचं ते ठाऊक नाही. पुढची फेरी झालीच नाही. भोंग्या तुमच्या गल्लीच्या वरच्या नाक्यापर्यंत पोचला आणि तिथेच अडकला, एवढं कँटीनच्या फोनवर कळलं. तरी लिहितेय.

पाऊस पडायला लागला असं म्हणताच येत नाही. तो आला तो सगळाच आला. सर नाही, थेंब नाही. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. भरदुपारी दिवे लावले. पलीकडचा पूल दिसेना, मग कुंपण दिसेना, मग आमच्याच दारातला दिव्याचा खांब दिसेना. नदी चढली म्हणून दार लावलं आणि पाचही पंप सुरू केले. ते सगळे एकदम चालू असताना जमीन थरथरते, चहाचा कप आपला आपण टेबलावर सरकतो.

मी खाली तोंडांसमोर जाऊन उभी राहिले. मावशे, कसं सांगू तुला. टेकडीकडचं तोंड माणूस उभा आत जाईल एवढं आहे. ते काठोकाठ भरून येत होतं, आणि त्याचा आवाज कानाला नाही, छातीला ऐकू येत होता. तुलासुद्धा ऐकू आला असता. त्यात एक अख्खं दार वाहत आलं, कडी लावलेलं. कुणाच्या तरी अंगणातली पाण्याची टाकी आली. जे आपण उशाखाली, पायाखाली गाडून विसरलोय ते सगळं उठून निघालं होतं. आमचे पंप उपसत होते आणि पंपांखालच्या विहिरीतलं पाणी तरी वरच चढत होतं. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी बोट दाखवलं नाही, रागावले नाहीत. नुसते म्हणाले, एवढं पाणी नेईल अशी गटार कुणीच बांधलेली नाही.

पण मी त्या चार तोंडांकडे बघत नव्हते. चार तोंडं भडाभडा ओकत होती आणि फळी काढूनही डावीकडून दुसऱ्या तोंडातून नळाएवढी धार पडत होती. पाऊस तर सगळीकडे सारखाच पडला होता. जे पाणी इथे आलं नाही, ते तुझ्याकडे होतं.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात. माझी माय तर गेलीच आहे. तू काही वेडंवाकडं करू नकोस.

ठमी

१३ जुलै

ठमे,

जिवंत आहे. सगळे आहेत. भोंग्या आज पाण्यातून चालत खाली आला, काठीने पुढची जमीन चाचपत. त्याने आधी तुझं पत्र दिलं आणि मग गळ्यात पडून रडला. एवढा मोठा बाप्या, लाज म्हणून नाही.

तुला सगळं सांगते, आणि माझंही सांगते.

पाणी आकाशातून पडत होतं, पण आमच्याकडे ते आलं खालून. आधी जाळीतून हवा आली, बुडबुडे आले. मग जाळी हलली. मग तिच्यातून हंडाभर जाडीचा काळा झरा वर उभा राहिला, माझ्या कमरेएवढा. ज्या भोकात मी बुचं टाकायचे त्याच भोकातून. मी दारात उभी राहून बघतच बसले. पळायचं भानच राहिलं नाही. तेवढ्यात टेकडीकडून रस्त्यावरून दुसरं पाणी उतरलं, तांबडं, आणि दोन्ही आमच्या दारात भेटली. चष्मेवाल्याच्या गुळगुळीत रस्त्यावरून ते कसं सरसर आलं म्हणतेस. मग पायरी उतरून आत.

मैदा भट्टीत होता. मी पाव बाहेर काढले, अर्धे कच्चे, अर्धे लाल, आणि पोटमाळ्यावर फेकत गेले. मग कळलं की पाणी भट्टीच्या तोंडाशी पोचणार. तापलेल्या विटेवर पाणी पडलं तर ती फुटते, हे तुला मी लहानपणी फटका देऊन शिकवलंय. म्हणून निखारे फावड्याने ओढून पत्र्याच्या बादलीत काढले. माझ्याच हाताने. पण विटा कुठे लगेच गार होतात? पाणी आत शिरलं आणि भट्टी ओरडली. मला ऐकू येत नाही, तरी ऐकू आलं. वाफेने दुकान भरलं, काही दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या भिंतीला हात लावला आणि हात लावून ठेवता आला. मी तिथे गुडघाभर पाण्यात उभी राहून मोठ्याने रडले, ठमे. चष्मेवाल्याने दंडाला धरून वर ओढलं.

गल्लीत सगळ्यात उंच पोटमाळा माझाच. तू लिहिल्यावर मी घरोघर जाऊन सांगितलं होतं, निम्मे वेळेत वर नाक्याकडे गेले. राहिलो ते आम्ही पिठाच्या पोत्यांवर बसलो. चष्मेवाला, शेजारची शिंपीणबाई आणि तिचा म्हातारा सासरा. अर्धे कच्चे पाव खाल्ले. म्हातारा म्हणाला, इतक्या वर्षांत तुमचा पाव पहिल्यांदा मऊ लागला. बाकीचे सांगत होते की वरून एकसारखा हॉर्न वाजतोय. भोंग्या नाक्यावर गाडी लावून वाजवत बसला होता, खाली जाता येत नाही तर निदान कुणीतरी आहे हे कळावं म्हणून. बॅटरी संपेपर्यंत वाजवला. मी शिंपीणबाईच्या हातावर हात ठेवून विचारायचे, वाजतोय का? ती मान हलवायची.

आणि मग पाऊस थांबला. सकाळी पोटमाळ्याच्या झरोक्यातून पाहिलं. गल्ली नव्हतीच. होतं ते एक मोठं, गप्प पाणी, त्यात निळं आभाळ, आणि त्या आभाळावर चष्म्याचे रिकामे डबे तरंगत होते, काही उघडे, काही मिटलेले. इतकं सुंदर होतं की मला स्वतःची चीड आली. आपलं सगळं बुडवून ते असं शांत पसरलं होतं, जणू आधीपासून त्याचीच जागा होती. असेलही. आपणच मधे येऊन दुकानं थाटली.

आता माझं. गेल्या वर्षी शेवटच्या पावसात लाल रंग तळाला गेला होता. शेवटच्या बुचावर मी गंमत म्हणून तुझं तोंड काढलं. डोळे, वेणी आणि नाक, मुद्दाम मोठं. आता ही भांडत पत्र पाठवणार, नाकावरून, म्हणून वाट बघत बसले. तुझं पत्र आलं, इकडचं तिकडचं. नाकाचा विषय नाही. तेव्हाच समजले की बूच पोचलं नाही. तुला काय वाटलं? पाऊस संपला म्हणून मावशीने टाकलं नसेल. मी काही बोलले नाही. या वर्षी जाळीत बूच टाकून बघितलं तर ते आत जाईना, जागच्या जागी गोल फिरायला लागलं. ते उचललं आणि भोंग्याच्या हातात दिलं. भट्टी सोडायची हिंमत नव्हती, एवढंच. तू ते बूच दाखवून गाडी परत पाठवशील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुझं पत्र आल्यावरही खरं सांगायला तोंड उघडलं नाही. आडून आडून 'विचारून बघ' म्हटलं.

सगळं पोटमाळ्यावर सांगून टाकलं. चष्मेवाला म्हणाला, रस्ता मीच उंच करून घेतला. शिंपीणबाईने तोवर हातात धरलेला माझा हात सोडला. तिचं शिलाई यंत्र पाण्यात गेलंय आणि ती अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

शब्द म्हणजे शब्द. बूच पोचलं नाही. पाणी उतरलं की गाठोडं घेऊन येते.

मावशी

१९ जुलै

मावशे,

पत्र वाचून मी काय केलं ते सांगणार नाही. फिटरने पाणी आणून दिलं एवढं पुरे.

साहेबांना मी तुझ्या पत्रातलंही सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, आणि खायलाच हवी होती. पुढे अशी खात्री द्यायची तर जाळीपाशी माणूस उभा करून द्यायची, असं त्यांनी बजावलं. मग दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन ते स्वतः गल्लीत आले, मीही. तू पोटमाळ्यावर झोपली होतीस, उठवलं नाही. तोंडाला पीठ लागलं होतं तुझ्या.

गटारात काय निघालं ऐक. कुणीतरी केबलचा जाड पाइप गटारीच्या आरपार घातलाय, मागे एकदा रस्ता करताना वरून भोक पाडून. त्याला आधी पिशव्या अडकल्या, मग टेकडीवरच्या बांधकामाचं सिमेंटचं पाणी थिजलं, मग शिंपीणबाईच्या चिंध्या, आणि या सगळ्याला सांधून ठेवलं होतं तुझ्या पिठाने आणि तुपाने. दगड झाला होता त्याचा. पहार मारून फोडला. पाइप हलवायचं काम त्यांनी लावून घेतलंय.

आणि एक गोष्ट साहेबांनीच सांगितली, ती तुला कळायला हवी. गटार मोकळी असती तरी त्या दिवशी पाणी आलंच असतं. त्या पावसाला कुठलीच गटार पुरली नाही. शाळेमागच्या साफ केलेल्या रस्त्यावरही पोटरीभर होतं. पण तिथलं संध्याकाळी उतरलं. तुमच्याकडे दिवसचे दिवस थांबलं, ते त्या बोळ्यामुळे. तेवढी चूक आपली दोघींची. त्याच्यापुढचं सगळं त्या पावसाचं.

पलंगावर नवी चादर घातलीय.

ठमी

२७ जुलै

ठमे,

गाठोडं बांधलंय. त्यात दोन लुगडी, फावड्याचा दांडा आणि आईचा तुझ्या फोटो. तुझ्या आईचा फोटो लिहायचं होतं, बघ कशी झालेय.

भट्टी फुटलेली नाही. दोन विटांना चीर आहे, बाकी धड. पण ओल मुरलीय, मोठा जाळ केला तर फुटेल. आधी कागदाचा, मग काड्यांचा, मुठीएवढा जाळ कितीतरी दिवस घालायचा, हळूहळू. चष्मेवाला म्हणतो तो घालेल. त्याला काय कळतंय त्यातलं, पण बसतो बिचारा तोंडाशी, चष्म्यावर धूर घेत. शिंपीणबाई काल दारावरून जाताना थांबली. म्हणाली, "जाळ जास्त झालाय." एवढंच म्हणाली आणि गेली. पण म्हणाली.

रविवारी भोंग्याबरोबर येते. जागा करून ठेव.

मावशी

१ ऑगस्ट

मावशे,

रविवारी येऊ नकोस. आधी हे वाच.

काल बरा पाऊस झाला, साधा, शहाण्यासारखा. मी सकाळपासून तोंडांसमोर उभी होते. भोंग्या आला तेव्हा आधी त्याचे खिसे तपासले. त्याने स्वतःच उलटे करून दाखवले आणि व्हॅनची दारंही उघडली. काही नव्हतं. पाव देऊन तो गेला.

डावीकडून दुसऱ्या तोंडातून पाणी येत होतं, भरपूर. काळं, मग तांबडं, आणि दुपारकडे पांढुरकं. तुझं पीठ. ते पाणी बघून मी वेड्यासारखी हसायला लागले, फिटरला वाटलं मला काही झालं. पोतीच्या पोती भिजली ना तुझी, ती अजून धुतेयस. धू.

आणि मग त्या पांढुरक्या पाण्यातून काहीतरी लहानसं आलं, बुडत, वर येत, आणि जाळीला टेकलं. मी पालथी पडून हात घातला. बोटाएवढं, चिखलाने काळं, एका बाजूने झिजलेलं, आणि वास असा की कँटीनवाल्याने मला बाहेर काढलं. नळाखाली धुतलं. खाली लाल रंग निघाला. आणखी धुतलं. एक डोळा गेलाय, वेणी अर्धी आहे.

गेल्या वर्षी निघालेलं ते काल पोचलं. तो सगळा दगड, तो सगळा पाऊस, ते सगळं पाणी उलटं वर आलं आणि परत गेलं, आणि हे मधे कुठेतरी चिकटून बसलं होतं. मी बराच वेळ ते मुठीत धरून उभी राहिले. साहेबांना दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तसंच परत दिलं.

आता अट काय होती ते आठव. बूच पोचलं तर तू तिथे राहायचं. किती वेळात पोचलं पाहिजे, असं आपलं कुठे ठरलं होतं? तेव्हा गाठोडं सोड आणि भट्टीपाशी बस. चष्मेवाल्याला उठव तिथून, तो खरंच जास्त जाळ करत असेल. फक्त यापुढे वरून हॉर्न वाजला आणि शिंपीणबाईने मान हलवली, की मैदा फुगलेला असो नाहीतर नसो, तू वर यायचंस. पलंगावरची चादर काढणार नाही.

बूच माझ्या टेबलावर आहे, पंप सुरू झाले की थरथरतं. आणि माझं नाक एवढं मोठं नाहीये.

ठमी